चंद्राचं वजन किती?

मागच्या पावसाळ्यात मी एका स्क्रीनला इंटरव्ह्यू दिला. समोर माणूस नव्हताच. एक प्रश्न उमटायचा, विचार करायला तीस सेकंद मिळायचे, मग लाल ठिपका लागायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. पुण्यातली कॉट बेसिसची खोली. दोघी रूममेट आवाज नको म्हणून गॅलरीत जाऊन बसलेल्या. माझ्या अंगात वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली घरातला पायजमा. चौथा प्रश्न आला : तुम्ही फळ असतात तर कोणतं असतात? मी म्हणाले, सीताफळ. का, ते सांगायला अजून एक मिनिट चाळीस सेकंद शिल्लक होते. बिया खूप असतात, असं काहीतरी मी बोलले.

निकाल कधी कळला नाही. नकाराचा ईमेलसुद्धा आला नाही. पण त्याच आठवड्यात मी सत्यजित राय यांचा ‘जन अरण्य’ पाहिला. त्यात इंटरव्ह्यूला गेलेल्या सोमनाथला विचारतात, की चंद्राचं वजन किती? आणि मी फोन पोटावर ठेवून मोठ्यांदा हसले. पन्नास वर्षांपूर्वीच्या कलकत्त्यातला हा मुलगा माझ्या फळाच्या प्रश्नाला पुरता ओळखून होता.

रायांचे हे तीन सिनेमे ‘कलकत्ता त्रयी’ म्हणून ओळखले जातात : ‘प्रतिद्वंद्वी’ (१९७०), ‘सीमाबद्ध’ (१९७१) आणि ‘जन अरण्य’ (१९७६). पहिला सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर, बाकीचे दोन शंकर यांच्या कादंबऱ्यांवर. त्यांच्याबद्दल लिहिताना लोक नक्षलवादी चळवळ, आणीबाणी, मध्यमवर्गाचं नैतिक अधःपतन वगैरे लिहितात. ते खरंच आहे. पण मला ते पाहताना सारखं वाटत राहिलं, की हे सिनेमे सगळ्यात आधी नोकरीबद्दल आहेत. नोकरी मागायला गेलेल्या माणसाला काय विचारलं जातं आणि ते विचारणाऱ्याला खरं काय हवं असतं, याबद्दल.

‘प्रतिद्वंद्वी’तला इंटरव्ह्यू तुम्ही बहुधा पाहिला असेल, सिनेमा पाहिला नसला तरी. त्याच्या क्लिपा फिरत असतात. धृतिमान चॅटर्जीचा सिद्धार्थ. वडील वारल्यामुळे त्याचं डॉक्टरीचं शिक्षण दोन वर्षांत सुटलंय. टेबलापलीकडे तीन साहेब. स्वातंत्र्याच्या वेळी इंग्लंडचा पंतप्रधान कोण होता, असं विचारल्यावर तो उलट विचारतो, कोणाच्या स्वातंत्र्याच्या वेळी? (हा प्रश्न इतक्या गंभीर चेहऱ्यानं विचारतो की तो उद्धटपणा आहे की अचूकपणा, हे साहेबांना कळत नाही. मलाही दोन वेळा पाहून कळलेलं नाही.) मग येतो तो प्रसिद्ध प्रश्न : गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची घटना कोणती? सिद्धार्थ म्हणतो, व्हिएतनामचं युद्ध. साहेबांना हवं होतं चंद्रावरचं पाऊल. ती गोष्ट तेव्हा अगदी ताजी, जुलै १९६९ची. सिद्धार्थ शांतपणे समजावतो, की माणूस चंद्रावर कधीतरी जाणार हे विज्ञानाकडे बघून कळत होतं. व्हिएतनामची साधी माणसं इतकी चिवट निघतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढचा प्रश्न, तुम्ही कम्युनिस्ट आहात का? आणि विषय संपतो.

आपल्याला हा प्रसंग आवडतो, कारण सिद्धार्थ जिंकतो. नोकरी जाते, पण वाद त्यानं जिंकलेला असतो. रिजेक्ट झालेल्या प्रत्येकाला मनातल्या मनात असाच इंटरव्ह्यू हवा असतो : ‘मी बरोबर होतो म्हणून त्यांनी मला घेतलं नाही.’ मी स्वतः दोन नोकऱ्यांबद्दल मैत्रिणींना हीच गोष्ट सांगितलेली आहे. त्यातल्या एकीत ती खोटी होती.

पण नीट पाहा. त्या टेबलापलीकडच्या साहेबांनी सिद्धार्थला मत विचारलं होतं. मत असलेला माणूस त्यांना धोक्याचा वाटला, हे पुढचं. निदान त्याला मत असू शकतं एवढं त्यांनी गृहीत धरलं होतं. सहा वर्षांनंतरच्या ‘जन अरण्य’मध्ये तेही उरलेलं नाही. चंद्र तोच. पण आता चंद्रावर कोण गेलं, त्याचा अर्थ काय, असलं काही नाही. फक्त वजन. आणि नववीच्या विज्ञानाच्या बाईंनी बजावलं होतं तसं, चंद्राला असतं ते वस्तुमान. त्याचं वजन विचारणंच चूक आहे. वस्तुमान हवं असेल तर साधारण ७३ वर एकवीस शून्यं इतके किलो. मी शोधून पाहिलं. म्हणजे बरोबर उत्तर द्यायचं तर आधी साहेबांचा प्रश्न दुरुस्त करावा लागेल, आणि साहेबांचा प्रश्न दुरुस्त करणाऱ्याला नोकरी मिळत नाही.

माझ्या मते या दोन चंद्रांमधल्या अंतरात रायांचं सगळं म्हणणं आहे. सिद्धार्थ त्याच्या उत्तरामुळे नापास होतो. सोमनाथ कोणत्याही उत्तरानं नापासच होणार असतो, कारण तो प्रश्न उत्तरासाठी नाहीच. जागा थोड्या आहेत, माणसं फार आहेत आणि चाळणी लावायला काहीतरी हवं. चंद्र नाही तर फळ. ‘जन अरण्य’ सुरूच होतो परीक्षेच्या हॉलमध्ये, जिथं सर्रास कॉपी चालली आहे. सोमनाथ कॉपी करत नाही, आणि त्याचा ऑनर्स हुकतो, कारण त्याचं अक्षर बारीक आणि पेपर तपासणाऱ्याची नजर अधू. एवढंच. त्यामागे कोणाचा कट नाही, कोणाचं वैर नाही. मला हा प्रसंग ‘प्रतिद्वंद्वी’तल्या इंटरव्ह्यूपेक्षा कितीतरी जास्त भीतिदायक वाटला. कारण इथं रागावायचं कोणावर? सिद्धार्थकडे रागावायला तीन चेहरे होते. माझ्यापुढे लाल ठिपका होता.

‘प्रतिद्वंद्वी’त शेवटी आणखी एक इंटरव्ह्यू आहे. बाहेर पॅसेजमध्ये उमेदवारांची गर्दी, जीव नकोसा करणारा उकाडा, बसायला खुर्च्या पुरेशा नाहीत. एकाला भोवळ येते. सिद्धार्थला समोरची सगळी माणसं क्षणभर सांगाड्यांसारखी दिसतात. मग तो दार ढकलून आत जातो आणि टेबल उलथवतो. लोक यातलं टेबल उलथवणं लक्षात ठेवतात. मला विचाराल तर तो त्या सिनेमातला सगळ्यात कच्चा क्षण आहे. राग खरा आहे, पण सिनेमा त्या रागाला थोडं लाडावतो. त्याच्या आधीचा पॅसेज मात्र अस्सल आहे : खुर्च्या मागायला आत जाणं, आणि खुर्चीसारखी क्षुल्लक गोष्ट मागतानाही पडलेले चेहरे. ज्यानं कधी वॉक-इनला चार तास उभं राहून ‘पाणी कुठं मिळेल’ हे सिक्युरिटीवाल्याला विचारलंय, त्याला तो पॅसेज समजावून सांगावा लागत नाही.

शिवाय टेबल उलथवल्यावर होतं काय? सिद्धार्थ कलकत्ता सोडून बालुरघाटला जातो, औषधं विकायच्या नोकरीवर. म्हणजे तो मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होतो. डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसणार. राय हे बोलून दाखवत नाहीत, आणि बरं करतात.

मधला ‘सीमाबद्ध’ हा ज्याला नोकरी मिळाली त्याचा सिनेमा. श्यामलेंदू हा पाटण्याच्या शिक्षकाचा मुलगा, आता कलकत्त्यात पंखे बनवणाऱ्या कंपनीत मोठा अधिकारी. परदेशी जाणाऱ्या मालात खोट निघते, वेळेत माल गेला नाही तर दंड भरावा लागेल. मग कारखान्यात गडबड मुद्दाम घडवून आणली जाते, म्हणजे उशिराचं खापर कामगारांवर फोडता येईल. त्यात एक पहारेकरी जखमी होतो. श्यामलेंदूला डायरेक्टरची खुर्ची मिळते. हे राय बाहेरून बघून लिहीत नव्हते. १९४३ साली ते स्वतः डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत महिना ऐंशी रुपयांवर लागले होते आणि पुढे कितीतरी वर्षं तिथं होते. कॉकटेल पार्टीतलं इंग्रजी, बायकोची ब्यूटी पार्लरची वेळ, साहेबानं खांद्यावर ठेवलेला हात, हे सगळं त्यामुळेच इतकं नेमकं उतरलंय. बढतीच्या दिवशी लिफ्ट बंद असते आणि श्यामलेंदू जिने चढत राहतो, चढत राहतो. वर पोचतो तेव्हा घामानं थबथबलेला. शेवटी तो चेहरा झाकून बसलेला असतो आणि कॅमेरा वर, पंख्यापाशी. ‘प्रतिद्वंद्वी’च्या पॅसेजमध्ये माणसं उकाड्यानं कोसळत होती. इथं पंखे विकणारा माणूस पंख्याखाली बसून घाम पुसतोय. हे दोन सिनेमे मी लागोपाठच्या रात्री पाहिले नसते तर मला हे दिसलं नसतं.

आता थोडं आपल्याकडे. मी बुलढाणा जिल्ह्यातली आहे, आणि आमच्याकडे नोकरीची गोष्ट म्हटली की सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आठवल्याशिवाय राहत नाही. कादंबरी २००२ची, साहित्य अकादमीचा पुरस्कार २००४चा. एकनाथ एम.ए. बी.एड. झालाय. मास्तर व्हायला याहून जास्त काय लागतं? लागतं डोनेशन. तेवढे पैसे शेतकऱ्याच्या घरात नाहीत, म्हणून तो शेतात. त्याची बायको अलका शिकलेली, नोकरीवाला नवरा मिळेल म्हणून आलेली. नोकरी न मिळणं तिथं करिअरचा प्रश्न नाहीच. तो जेवणाच्या ताटातला, नवराबायकोच्या अंथरुणातला, बापलेकाच्या अबोल्यातला प्रश्न आहे. रायांच्या कलकत्त्यात निदान चंद्राचं वजन विचारतात. ‘बारोमास’च्या जगात प्रश्न विचारायचा देखावाही कशाला करायचा? आकडा सांगितला की झालं. या एका बाबतीत मला देशमुख रायांपेक्षा निबर वाटतात. त्यांच्या एकनाथला उलथवायला टेबलसुद्धा मिळत नाही.

पण एका बाबतीत राय पुढे जातात. एकनाथ शेवटपर्यंत ज्याच्यावर अन्याय झाला असा माणूस राहतो. सोमनाथ तसा राहत नाही, आणि ‘जन अरण्य’ त्रयीतला सगळ्यात मोठा सिनेमा ठरतो तो यामुळेच. नोकरीच्या खेपा घालून थकलेला सोमनाथ रस्त्यात केळ्याच्या सालीवरून घसरतो आणि त्याला बिशुदा भेटतात. उत्पल दत्तनी हा माणूस इतका गोड केलाय की त्यांनी सांगितलेलं काहीही करावंसं वाटतं. नोकरी कशाला, धंदा कर. भांडवल नको, ऑफिस नको, माल इकडून घ्यायचा, तिकडे द्यायचा, मधला पैसा आपला. आज यालाच लोक ‘स्वतःचं काहीतरी सुरू केलंय’ म्हणतात आणि लिंक्डइनवर ‘फाउंडर’ लिहितात. सोमनाथ लेटरहेड छापून घेतो. एक टेबल, एक फोन, आणि तो खूश. सिनेमाचा हा भाग खरोखर विनोदी आहे. आपणही खूश होतो, हाच तर फास आहे.

मग मोठी ऑर्डर समोर येते. एका गिरणीला लागणाऱ्या रसायनाची. देणारा साहेब अडून बसलाय, आणि त्याला नक्की काय हवं ते शोधून काढायला मित्तर नावाचा ‘पब्लिक रिलेशन्स’वाला येतो. रबी घोषनी तो असा केलाय, जणू लग्नाचं केटरिंग ठरवतोय. साहेबाला बाई हवी आहे. एका संध्याकाळी दारोदार फिरून शेवटी जी मुलगी मिळते, ती सोमनाथच्या जिवलग मित्राची, सुकुमारची बहीण निघते. सुकुमारही असाच बेकार होता, आता टॅक्सी चालवतो. सोमनाथ गडबडतो. पैसे घे आणि परत जा, असं तिला विनवतो. ती ऐकत नाही. आपलं नाव जूथिका आहे, एवढंच ती धरून ठेवते. ठरलेलं काम करून पैसे घ्यायचे, फुकटचे नकोत.

इथं मी सिनेमा थांबवला. रूममेट झोपलेल्या. खूप वेळ स्क्रीनवर तिचा चेहरा तसाच.

समीक्षक या प्रसंगाबद्दल लिहितात तेव्हा सोमनाथच्या पतनाबद्दल लिहितात, आणि बहुधा रायांनाही तेच लिहून हवं असणार. कॅमेरा सोमनाथला सोडत नाही. त्याचा घाम, त्याची लाज, त्याचा ढासळणारा चेहरा. पण तिच्या वाक्यामागे एक हिशेब आहे : घरात कोण कमावतं, किती कमावतं, दया घेतली तर उद्या पुन्हा हात पसरावा लागेल. तिन्ही सिनेमांत स्वतःचा व्यवहार इतक्या डोळसपणे ओळखणारी ती एकटीच आहे. आणि तिच्या वाट्याला येतात मोजकी मिनिटं. ‘प्रतिद्वंद्वी’त सिद्धार्थची बहीण सुतपा हीसुद्धा तशीच. घरात नोकरी असलेली ती एकटी, पगार आणते, गच्चीवर नाच करून बघते, पुढं काय करायचं त्याची स्वप्नं रंगवते. पण साहेबाची बायको घरी येऊन आईपाशी गाऱ्हाणं घालते, आणि मग सिद्धार्थ चिडून साहेबाच्या घरी जातो. सिनेमा त्याच्या चिडण्याबरोबर जातो. सुतपाला ऑफिसात काम नक्की काय असतं, ती ते कसं करते, हे आपल्याला कधी दिसत नाही. भावाला नोकरी न मिळणं ही शोकांतिका. बहिणीला नोकरी असणं ही भावाची अडचण. रायांसारख्या बारीक नजरेच्या माणसाकडून हे सुटावं, याचा मला राग येतो. त्यांनी ‘महानगर’ (१९६३) केला होता म्हणून जास्तच येतो. तिथं घरोघर फिरून विणकामाची यंत्रं विकणारी आरती त्यांनी किती मनापासून पाहिली होती! पहिला पगार हातात आल्यावर आरशापुढे उभी राहिलेली आरती ज्यानं दाखवली, त्यानं सात वर्षांनी सुतपाच्या ऑफिसचं दारही उघडू नये?

यावर एक उत्तर देता येईल, आणि मी ते स्वतःशी बऱ्याचदा दिलंय. त्रयीतले सिनेमे मुलांच्या डोळ्यांनी बघतात, कारण त्यांना त्या डोळ्यांचं आंधळेपण दाखवायचंय. ‘जन अरण्य’च्या बाबतीत हे मला पटतं. तिथं सोमनाथला ती मुलगी दिसत नाही, त्याला दिसते ती मित्राची बहीण. म्हणजे पुन्हा तो स्वतःच. ‘प्रतिद्वंद्वी’च्या बाबतीत पटत नाही. तिथं सिनेमा सिद्धार्थच्या बाजूला जरा जास्तच आरामात बसलाय.

आणखी एक गोष्ट. ‘जन अरण्य’ला लोक निराशावादी म्हणतात. मला तो तसा वाटला नाही. निराशावादी सिनेमात माणसाला दुसरा रस्ताच नसतो. सोमनाथला होता, अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत, आणि ते त्याला माहीत होतं. आधीच्या दोन तासांत राय त्याला एक-एक पायरी उतरवतात, आणि प्रत्येक पायरी इतकी लहान असते की तिथं थांबणं हास्यास्पद वाटावं. खोट्या नावाचं लेटरहेड, काय बिघडलं? थोडं कमिशन, सगळेच घेतात. मी माझ्या रिझ्युमेकडे पुन्हा पाहिलं. त्यात ‘टीम लीड’ असं लिहिलंय. टीममध्ये मी आणि एक इंटर्न होतो, आणि इंटर्न दीड महिन्यात सोडून गेला.

सोमनाथ घरी येतो. अंधार पडलाय. वडील बसून आहेत. सरळमार्गी, जुन्या वळणाचे, मुलाचं कसं होणार या काळजीनं पोखरलेले. तो सांगतो, ऑर्डर मिळाली. वडिलांचा जीव भांड्यात पडतो. एवढंच ऐकायचं होतं त्यांना. कशी मिळाली, हे ते विचारत नाहीत. आपल्याकडे तरी कोण विचारतं?

परवा बाबांचा फोन आला. पाऊस कसा आहे, सोयाबीन कसं आहे, हे झाल्यावर म्हणाले, ‘त्या कॉम्प्युटरवरच्या मुलाखतीचं काय झालं गं? काय विचारलं होतं?’ मी म्हणाले, ‘जनरल नॉलेज.’ ते म्हणाले, ‘मग जमलं असंल तुला.’

मी हो म्हणाले.